निफाडच्या द्राक्षमळ्यात



उपासनेच्या 'ब' वर्षात पुनरुत्थानकाळातील पाचव्या रविवारी योहानलिखित शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलीचा उतारा वाचला जातो. २०२४ साली हा रविवार २८ एप्रिल रोजी आला होता. मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एका धर्मशिक्षिकेने मला थांबवून विचारले, "फादर, जी फांदी फळ देते तिलाही माळी छाटतो असे प्रभू सांगतात. फळ न देणारी तोडावी, हे पटते. पण देणारीला कशाला छाटायचे? ऊस तोडला की खोडवा येतो, तेवढे आम्हांला ठाऊक. हे समजत नाही." शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी लगेच दुसरा प्रश्न जोडला, "आणि मिस्साचा द्राक्षारस म्हणजे दुकानात मिळते ती वाइनच ना?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे आपला पूर्वीचा अहमदनगर, हा उसाचा प्रदेश. हरेगाव, टिळकनगर, प्रवरानगर ही नावे घेतली की साखरेचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत, तरीही आपल्या बहुसंख्य भाविकांचा संबंध उसाशी, कांद्याशी किंवा दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीशी आला आहे. द्राक्षवेल त्यांनी प्रामुख्याने प्रवचनातच पाहिली! पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून देऊ शकलो असतो. त्याऐवजी पुढील हंगामात, फेब्रुवारी महिन्यात, आम्ही वीस जण एका गाडीने निफाड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचा द्राक्षमळा व वाइनरी पाहावयास गेलो. कुटुंबाचे नाव येथे देत नाही. त्यांनी आम्हांला पाहुणे म्हणून बोलावले होते.

आपल्या धर्मप्रांतात अहिल्यानगरप्रमाणेच नाशिक जिल्हाही येतो, त्यामुळे हा प्रवास तसा घरातल्या घरातच झाला. शिर्डी, कोपरगाव, येवला करीत विंचूरला पोहोचलो की कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग सुरू होते आणि तेथेच औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्क लागते. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले; विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथील वाइन पार्क ही त्याची फळे होत. त्यापूर्वीच नाशिकजवळ राजीव सामंत यांनी कुटुंबाच्या जमिनीवर सुला हा उद्योग उभारला होता आणि २००० पासून त्याची वाइन बाजारात आली. पुढील काही वर्षांत शेतकरी कुटुंबेही या व्यवसायात उतरली. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील पाटील कुटुंबाची रेवेलो ही त्यांपैकी एक. नाशिकच्या गुरनानी बंधूंची यॉर्क ही दुसरी कौटुंबिक वाइनरी. ती २०२१ मध्ये सुलाने घेतली.

दोनदा छाटली जाणारी वेल

मळ्यात शिरताच धर्मशिक्षिकेने आपला प्रश्न मालकांना विचारला. ते हसले व म्हणाले, "बाई, आम्ही एकदा नाही, वर्षातून दोनदा छाटतो."

हे दोनदा छाटणे आपण समजून घेतले पाहिजे. पॅलेस्टाइनमध्ये, जेथे प्रभू येशूने हा दाखला दिला, तेथे हिवाळा कडक असतो. वेलीची पाने गळतात, ती झोपी जाते, त्या झोपेत तिची एकदा छाटणी होते आणि उन्हाळ्याच्या शेवटी फळ येते. आपल्याकडे थंडी बेताचीच, त्यामुळे वेलीला झोप अशी लागतच नाही. तिला मोकळे सोडले तर ती वर्षभर पाने आणि फांद्या वाढवीत राहील. मांडव हिरवागार दिसेल, पण घड मोजकेच लागतील. म्हणून महाराष्ट्रातील शेतकऱ्याने कात्रीने तिचे वर्ष दोन भागांत विभागले आहे.

फळे निघाल्यानंतर, साधारणपणे एप्रिल महिन्यात, खरड छाटणी होते. खोडावरून तारेवर आडवे गेलेले जे जाड हात असतात त्यांना ओलांडे म्हणतात. त्या ओलांड्यांवर गेल्या वर्षी वाढलेली प्रत्येक काडी जवळजवळ बुडापासून कापली जाते. एखादा डोळा तेवढा राखतात. नुकतीच फळे देऊन गेलेली काडीसुद्धा यातून सुटत नाही. छाटणीनंतरची बाग पाहिली तर कोणी जाळून टाकली की काय असे वाटते. त्यानंतर भर उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत, बाहेरून काहीही दिसत नसताना, पुढील हंगामाचा घड तयार होऊ लागतो. खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत ऊन, पाणी व खत यांचा मेळ चुकला तर ऑक्टोबरात कितीही मेहनत केली तरी घड येत नाहीत; डोळ्यात जे घडलेच नाही ते बाहेर कोठून येणार?

दुसरी छाटणी पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिला गोडी छाटणी म्हणतात. या वेळी काडी बुडापासून न कापता, घड असलेला डोळा शेंड्याकडे येईल अशा बेताने काही डोळे राखून कापतात. मग फूट निघते, घड दिसू लागतात, वांझ फुटी काढून टाकल्या जातात आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत वाइनच्या द्राक्षांची काढणी चालते.

धर्मशिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. ज्या काडीने फळ दिले तीच काडी पुन्हा तसे फळ देत नाही. फळ येते ते नव्या काडीवर, आणि छाटल्याशिवाय योग्य जागी नवी काडी येत नाही. मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे जे क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ 'स्वच्छ करणे' असा होतो, आणि लगेच पुढच्या वचनात शिष्य वचनाने शुद्ध झाले आहेत असे प्रभू म्हणतो तो शब्दही त्याच कुळातला. फळ न देणाऱ्या फांदीसंबंधीचे जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे 'काढून टाकणे' असा केला जातो. काही अभ्यासक मात्र तो 'वर उचलणे' असाही सुचवितात. सेमिनरीत असताना मला ही ओढाताण वाटत असे. मळ्यात एक मजूर स्त्री जमिनीकडे लोंबलेली फूट उचलून तारेला सुतळीने बांधताना पाहिली आणि त्या अभ्यासकांविषयीचा माझा आदर थोडा वाढला.

आणखी एक गोष्ट. २८ एप्रिल हा दिवस आपल्याकडे नेमका खरड छाटणीच्या हंगामातला. आपण तो उतारा पंख्याखाली बसून ऐकत होतो तेव्हा निफाड, दिंडोरी, नारायणगाव या पट्ट्यात तो प्रत्यक्षात घडत होता.

कात्री कोणाच्या हातात

मालक बोलत असताना आमच्यातील युवकांचे लक्ष मजुरांकडे होते. बरेचसे मजूर पेठ व सुरगाणा तालुक्यांतील आदिवासी बांधव. ते टोळीने येतात, मळ्याच्या कडेला राहुटी करून राहतात आणि छाटणीचे काम एकराप्रमाणे ठरवून घेतात. आमच्यापैकी चार-पाच जणांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असल्याने त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नाही. उचल किती, टोळीत माणसे किती, आजारी पडलेल्याची मजुरी धरतात की नाही, हे सगळे प्रश्न त्यांनी विचारले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा मालक दिवसाच्या अखेरच्या प्रहरी आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. तो दाखला मी अनेकदा शिकविला आहे, परंतु अशा श्रोत्यांबरोबर मळ्यात उभे राहून तो आठवणे वेगळे. एका मजूर भगिनीला मी विचारले की इथली वाइन कधी चाखून पाहिली का. तिने मान हलविली. "आम्हांला खायची द्राक्षं बरी," ती म्हणाली, "ही आंबट, बियांची. पोरं खात नाहीत."

तिचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीनेही खरे आहे आणि शेतकऱ्याची मोठी अडचण त्यातच दडलेली आहे. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, बिनबियांचा व पातळ सालीचा असावा लागतो. त्यासाठी घड संजीवकाच्या द्रावणात बुडवितात. वाइनचा मणी लहान, बियांचा, जाड सालीचा. रंग व चव सालीतच असते. शेनिन ब्लां, सॉव्हिन्यॉन ब्लां, शिराझ, काबर्ने सॉव्हिन्यॉन ही त्यांच्या वाणांची नावे. खाण्याची द्राक्षे एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा घेतो, अगदी कोणी न घेतली तर बेदाणा करता येतो. वाइनची द्राक्षे वाइनरीने नाकारली तर त्यांना दुसरी बाजारपेठ जवळजवळ नाही.

हे संकट २००९ च्या सुमारास प्रत्यक्ष आले. २००८ सालची जागतिक मंदी आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेले थंडावली, वाइनची मागणी घटली, आणि करार केलेल्या द्राक्षांना उठाव राहिला नाही. अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या नारायणगाव येथील, एके काळी देशात नावाजलेली शातो इंडाज ही कंपनीही त्या काळात कर्जात बुडाली. आम्ही गेलो त्या कुटुंबाने तेव्हा बाग मोडली नाही. आपली द्राक्षे दुसऱ्याच्या दारात घेऊन जाण्याऐवजी आपणच टाक्या बसवाव्यात असे त्यांनी ठरविले. अशा प्रकारे शेतकरी, कारखानदार आणि विक्रेता ही तिन्ही ओझी एकाच घरावर आली. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरात झालेल्या गारपिटीविषयी विचारले तेव्हा मालकांच्या वृद्ध आई एवढेच म्हणाल्या, "वीस मिनिटं पडली." पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

जुन्या करारातील नाबोथाची गोष्ट मला त्या ओसरीवर आठवली. अहाब राजाने नाबोथाचा मळा मागितला तेव्हा त्याने देऊ केलेला मोबदला वाईट नव्हता: याहून चांगला मळा घे किंवा रोख किंमत घे. नाबोथाने नकार दिला, कारण तो वाडवडिलांचा वारसा होता. आमच्या यजमानांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. तो परत येईल का, असे कोणीतरी विचारले. वडील म्हणाले, "यावं असं वाटतं. ये असं म्हणवत नाही."

टाकीत काय घडते

वाइनरीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण प्रत्यक्ष पाहण्यातच त्याची मजा आहे. पहाटेच्या गारव्यात तोडलेले घड क्रेटमधून येतात. एक यंत्र देठ वेगळे करून मणी हलके चिरडते. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच पिळून घेतात व थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाकीत आंबवितात; लाल वाइनसाठी साल व बिया रसातच राहू देतात, म्हणजे रंग उतरतो. किण्व रसातील साखर खाते, तिचे अल्कोहोल होते आणि कर्बवायू बाहेर पडतो. प्रत्येक लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होते, त्यामुळे पुरेशा पिकलेल्या द्राक्षांतून बारा-तेरा टक्क्यांची वाइन आपोआप तयार होते. बाहेरून साखर किंवा मद्यार्क घालण्याची गरजच पडत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण आपला दुसरा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे.

वेदीवरचा द्राक्षारस

ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ९२४ सांगते की मिस्साचा द्राक्षारस द्राक्षफळापासून झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे. 'रिडेम्प्शिओनिस साक्रामेंतुम' या २००४ च्या रोमच्या आदेशपत्रात तो शुद्ध व भेसळविरहित असावा आणि ज्याच्या खरेपणाविषयी वा उगमाविषयी शंका आहे असा द्राक्षारस वापरू नये, असे बजावले आहे. जून २०१७ मध्ये उपासना विभागाने सर्व महागुरुस्वामींना पुन्हा पत्र पाठवून या बाबींवर लक्ष ठेवण्यास सांगितले, कारण भाकर व द्राक्षारस आता दुकानांतून आणि इंटरनेटवरूनही विकत मिळू लागले आहेत.

मग दुकानातील बाटली चालते का? ती केवळ द्राक्षांचीच असेल तर तत्त्वतः तिच्यात दोष नाही. टिकण्यासाठी घातलेल्या गंधकाच्या अल्प अंशाने ती अपात्र ठरत नाही. परंतु बाजारात वाइन या नावाने सफरचंद, डाळिंब, जांभूळ यांचीही पेये मिळतात, तर काहींत स्वाद व साखर मिसळलेली असते. बाटलीवरील सुंदर चित्र पाहून धर्मगुरूने किंवा वेदीसेवकाने निर्णय घ्यायचा नसतो. धर्मप्रांताने मान्य केलेलाच द्राक्षारस वापरावयाचा असतो. लाल की पांढरा, याचे बंधन नाही. पांढरा अधिक दिसतो त्याचे कारण अगदी घरगुती आहे: वेदीवरच्या शुभ्र वस्त्रांवर डाग पडत नाहीत.

नाताळात आपल्या अनेक घरांत काळ्या द्राक्षांची वाइन करतात. तिच्यात पाणी, साखर, यीस्ट, कधी मूठभर गहू घालतात. ती प्रेमाने केलेली असली तरी मिस्सासाठी चालत नाही. (परवान्याशिवाय असे पेय तयार करणे राज्याच्या कायद्यात बसत नाही, हेही सांगून ठेवतो.) मनुकांपासून केलेला द्राक्षारस मात्र ख्रिस्तसभा जुन्या काळापासून मान्य करीत आली आहे, कारण मनुका म्हणजे वाळलेले द्राक्षच, केरळमधील धर्मप्रांत परवाना घेऊन तो तयार करतात. आपल्या राज्यातील १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीसाठी द्राक्षारस वापरण्याची वेगळी तरतूद केलेली आहे.

वेदीसेवकांसाठी एक व्यावहारिक सूचना. उघडलेली बाटली हवेने हळूहळू आंबत जाऊन शेवटी तिचे व्हिनेगर होते आणि व्हिनेगरने मिस्सा होऊ शकत नाही. आपल्या भागात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. ज्या उपकेंद्रांत महिन्यातून एक-दोनदाच मिस्सा होते तेथे मोठी बाटली कपाटात ठेवू नये. लहान बाटल्या घ्याव्यात, उघडलेली फ्रिजमध्ये ठेवावी, आणि मिस्सापूर्वी वास घेऊन पाहावा.

कडुलिंबाखाली

शेवटी आम्हांला चव घेण्याच्या खोलीत बोलावले. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून लहानांना द्राक्षांचा ताजा रस देण्यात आला. आमच्यातील एक भगिनी मात्र खोलीत आल्या नाहीत. त्या बाहेर कडुलिंबाच्या पारावर बसल्या. त्यांचे पती दारूने गेले, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "फादर, मळा बघितला, बरं वाटलं. टाकीसुद्धा बघितली. पण तो पेला हातात धरायचा नाही मला."

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून व सुपरमार्केटमधून वाइनविक्रीस परवानगी देण्याचे ठरविले, तेव्हा सरकारने शेतकऱ्याचे हित पुढे केले होते. आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी त्या निर्णयाविरुद्ध उपोषणाचा इशारा दिला. पुढे ते उपोषण स्थगित झाले. त्या वादात कोण बरोबर, असे मला तेव्हाही विचारले गेले होते. वाइन म्हणजे दारू नव्हेच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही; बारा टक्के अल्कोहोल हे बारा टक्केच असते. द्राक्षारसाला शिवू नये, असे म्हणणेही काना गावचे लग्न मानणाऱ्याला शक्य नाही. परंतु पाराखाली बसलेल्या त्या भगिनीला समजावून आत नेण्याचे मला काहीच कारण दिसले नाही. व्यसनातून सावरणाऱ्या धर्मगुरूलाही महागुरुस्वामींच्या परवानगीने मुस्तुम, म्हणजे आंबण्याची क्रिया थांबवून ठेवलेला द्राक्षांचा ताजा रस, वापरता येतो. रोमच्या २००३ च्या पत्राने हे पुन्हा स्पष्ट केले आहे. ही गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी ती दोनदा विचारून घेतली.

ज्या धर्मग्रामांना अशी भेट काढावयाची आहे त्यांनी काढणीसाठी फेब्रुवारी निवडावा आणि मालकांना आधी दूरध्वनी करूनच जावे. काढणीच्या दिवसांत घरातील सर्व माणसे पहाटेपासून कामात असतात. बागेत नुकतीच फवारणी झाली आहे का ते विचारावे आणि मुलांना घड तोडून खाऊ देऊ नये. छाटणी पाहावयाची असेल तर एप्रिल बरा. पुढील 'ब' वर्षातील तो रविवार २०२७ च्या एप्रिलमध्येच येत आहे. त्या सुमारास सकाळी लवकर निघून दहाच्या आत मळ्यात पोहोचावे. त्यानंतर ऊन सोसवत नाही आणि मजूरही सावलीला जातात.